खणातल्या अळंब्या

कागदावरची चित्रं जपणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे कुठल्याही प्रदर्शनात आधी दिवे मोजायची खोड आहे. २०२५ मध्ये ऑल्बनीच्या न्यूयॉर्क स्टेट म्युझियममध्ये मेरी बॅनिंगची अळंब्यांची जलरंगचित्रं मांडली होती, तिथे मात्र दिवे राहिले बाजूला. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे रंग इतके टवटवीत कसे?

कारण ती उजेडात फारशी आलीच नव्हती. बॅनिंग (१८२२–१९०३) मेरीलँडची. शास्त्राचं रीतसर शिक्षण नाही, घरात आजारी आई आणि बहीण. तरी १८६८ ते १८८८ अशी वीस वर्षं हिंडून तिने तिथल्या अळंब्यांचं हस्तलिखित सिद्ध केलं. सुमारे पावणेदोनशे चित्रं, सोबत वर्णनं, आणि शास्त्राला तोवर अपरिचित अशा २३ जाती. लोक तिला चक्रम समजत. इंग्रजीत बेडकाचं स्टूल (टोडस्टूल), मराठीत कुत्र्याची छत्री. अळंबीला मान कुठेच नाही! १८९० मध्ये तिने ते बाड ऑल्बनीच्या चार्ल्स पेक या तज्ज्ञाकडे पाठवलं. छापलं कोणीच नाही. नव्वदेक वर्षं ते कपाटाच्या खणात पडून होतं.

अळंबीचं चित्र सवडीने काढता येत नाही. शाईछत्री तोडल्यावर काही तासांत काळी होऊन वितळते. काही जातींचा गर कापला की बघता बघता निळा पडतो. वाळवलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसतात, पण रंग गेलेला असतो, टोपी सुरकुतलेली. म्हणून कामाच्या चित्रात टोपी वरून दिसावी, उभ्या छेदात टोपीखालच्या पडद्या दांड्याला कशा भिडतात ते कळावं, आणि दांड्याचं बूड शाबूत असावं. बुडाशी पिशवी असेल तर ती विषारी अमानिटा असू शकते. बूड जमिनीत राहिलं की ओळखच चुकते.

आता हिशेब. जलरंगांसाठी कागदावर ५० लक्सची मर्यादा धरतात; लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक. रोज आठ तास, नव्वद दिवस: ३६,००० लक्स-तास. तेवढाच उजेड २०० लक्सला साडेबावीस दिवसांत पडतो. मंद दिवा नुकसान थांबवत नाही, लांबवतो. गेलेला रंग परत आणायचं औषध आमच्याकडे नाही. कोचिनील या किड्यापासून केलेला लाल सगळ्यात आधी उडतो, गेरू-काव यांना फारसं काही होत नाही. म्हणजे तपकिरी अळंबी राहते आणि शेजारची लालभडक फिकी पडते, आणि बघणाऱ्याला ती जात मुळातच फिकी वाटते. शास्त्रीय चित्रात हा नुसता सौंदर्याचा तोटा नव्हे, माहितीच चुकीची होते. म्हणून काही पानं बाहेर, बाकीची पेटीत, आणि ठरावीक मुदतीने अदलाबदल. प्रेक्षक कुरकुरतात. कुरकुरू देत.

त्या खणाने एका बाईचं काम दडपलं आणि तिचे लाल-पिवळे वाचवले. मला खणाचे आभार मानवत नाहीत, पण रंग बघून शिव्याही देता येईनात.

नुसता अंधारही पुरत नाही म्हणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते. अळंब्यांच्या चित्रांना अळंब्यांच्याच भाऊबंदांपासून जपायचं. मुंबईच्या जुलैत आम्ही हेच करतो.