नाही हो, मी हृदय प्रिंट करत नाही

व्हॉट्सॲपवर ते थ्रीडी प्रिंटरने जिवंत पेशींचं हृदय प्रिंट केल्याचं फॉरवर्ड परत फिरायला लागलंय आणि अमळनेरपासून भुसावळपर्यंत सगळ्या नातेवाईकांचे मेसेज, की तू तिकडे हेच करतोस ना. नाही. ते हृदय इस्रायलमधल्या तेल अवीवचं, २०१९ चं, चेरीएवढं होतं, पेशी आकुंचन पावत होत्या पण रक्त पंप करणं काही त्याला जमत नव्हतं, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कोणी लिहीत नाही.

"मग तू तठे काय करस?" मामांचा प्रश्न. मामा, मी बॉस्टनला बसून रेशमाचे कोष उकळतो. खरंच. कोष कापायचे, धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळायचे, धाग्यावरचा डिंकासारखा चिकट थर, सेरिसिन, निघून जातो आणि उरतं ते फायब्रोइन, म्हणजे धाग्याचं प्रोटीन. (आपला कापूस सेल्युलोज, त्यामुळे घरची कपाशीची अक्कल इथे काहीच कामाची नाही.) मग लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवायचं, दोन दिवस डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, ते मीठ काढून टाकायचं, की हातात येतं पाण्यासारखं पातळ द्रावण, हीच आमची प्रिंटरची शाई. शरीर रेशीम बऱ्यापैकी चालवून घेतं, टाके घालायला ते कधीपासून वापरतातच.

आता हे पातळ पाणी सुईतून सोडून त्याचा आकार कसा उभा करायचा? प्रिंटर सोपा आहे, सिरिंज आणि मोटर, बाकी सगळी मारामारी शाईची. सोऱ्यातून शेव पाडताना बघा, पीठ घट्ट झालं तर दांडा दाबला जात नाही, सैल झालं तर लगदा, आणि शेवेला शेवपण येतं ते खाली तेल तापलेलं असतं म्हणून, पडल्या पडल्या धार जागेवर धरली जाते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठवाल्यांनी कोलॅजनसाठी (शरीरातलंच एक प्रोटीन) असंच काहीसं केलं, तेलाच्या जागी जिलेटिनच्या बारीक कणांचं थंड बाथ, त्यात आम्लातलं कोलॅजन सोडलं की पीएच बदलून, म्हणजे आंबटपणा कमी होऊन, तिथल्या तिथे घट्ट होतं, नंतर ३७ डिग्रीला जिलेटिन वितळवून टाकायचं आणि आकार तसाच राहतो. मला तरी या सगळ्या क्षेत्रातली ही सगळ्यात हुशार आयडिया वाटते. आजी माळकरी, तिला जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात ते सांगितलेलं नाही, कारण तिच्या रोजच्या कॅप्सूलचं कव्हरही बहुतेक त्याचंच.

पण आकार आला म्हणजे अवयव झाला असं नाही. पेशीपासून रक्तवाहिनी १००-२०० मायक्रॉनच्या (म्हणजे ०.१-०.२ मिलिमीटरच्या) पलीकडे गेली की ऑक्सिजन पुरत नाही, जाड तुकडा आतून मरतो. कूर्चेत (सांध्यातल्या हाडांवरची गुळगुळीत गादी) रक्तवाहिन्या नसतातच म्हणून तिथे आशा जास्त, पण साधं चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो आणि आमची रेशमाची जेल अजून बोटाने दाबली तरी बसते. तेव्हा मामा, भाचा गुडघा प्रिंट करून आणेल म्हणून ऑपरेशन लांबवू नका, धुळ्याच्या डॉक्टरांनी तारीख दिलीय ना, ती घेऊन टाका.