डेंग्यूनंतरची केसगळती : माझा अनुभव

दिवाळीच्या सुमारास केस धुतले की मोरीची जाळी तुंबायची. कंगव्यात पुंजके, उशीवर केस, कणीक मळताना परातीतही केस. सासूबाईंचं म्हणणं, "बोअरचं पाणी बाधलं असेल गं." मैत्रीण म्हणाली, शाम्पू बदल. मला मात्र भीती वाटायची ती गळलेल्या केसाच्या टोकाला दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्याची. केस मुळासकट उपटून येताहेत, आता तिथे पुन्हा उगवायचे नाहीत, असंच वाटायचं.

त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली, हातात आलेले केस पाहिले आणि विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का?"

आला होता. श्रावणात डेंग्यू झाला होता. दवाखान्यात राहून आले, पुढे कितीतरी दिवस पेज आणि मऊ खिचडीवर काढले.

मग त्यांनी नीट समजावलं. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, नंतर साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं हे नेहमीचंच. पण मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपासमार झाली की एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तो पांढरा ठिपका म्हणजे अशा केसाचं टोक; नवा केस जिथून उगवतो ती जागा त्वचेत शाबूत असते. हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. (चकत्या पडत असतील, म्हणजे चाई असेल, तर ते दुखणं वेगळं. ते वेळीच दाखवावं.)

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फारच कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्यांच्यापासून लांब ठेवायची, सोबत लिंबूपाणी चालतं. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लागतं. सकाळचा चहा मागे ढकलणं सगळ्यात जड गेलं.

जेवणाकडे मी मनापासून लक्ष दिलं. केस म्हणजे मुख्यतः प्रथिनंच, आणि आजारपणात माझ्या ताटातून तीच गेली होती. मोडाची मटकी, हरभऱ्याची उसळ, अंडी, थंडीत बाजरीची भाकरी. अळीव रात्री नारळाच्या पाण्यात भिजवायचे. सकाळी ते फुगून बुळबुळीत झाले की ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतायचं, गरम असतानाच लाडू वळायचे. आवळ्याचा हंगाम होताच. ताजा आवळा किसून मीठ लावून जेवताना घ्यायचे. पालेभाजी लोखंडी कढईत.

तेलाबद्दल माझं मत आता स्पष्ट आहे. माका आणि जास्वंद घालून उकळलेलं खोबरेल सासूबाईंनी दिलं, ते मी आवडीने लावते. खोबरेल केसात मुरतं, धुताना केसातली प्रथिनं कमी जातात, केस कमी तुटतात. मात्र तापाने आणि लोहाच्या कमतरतेने सुरू झालेली गळती कुठल्याही तेलाने थांबत नाही. कांद्याचा रस, कडक मालिश यांच्या वाटेला मी गेले नाही. न्हाण्याआधी तासभर तेल, मग शिकेकाई, ओल्या केसांत कंगवा नाही, एवढंच.

संक्रांतीपर्यंत गळती बरीच कमी झाली. भांगाजवळ आणि कपाळावर आखूड, ताठ केस उभे राहिले. पाहणाऱ्याला वाटतं, केस तुटलेत. पण तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं, नव्या केसाचं निमुळतं; उजेडात धरून पाहिलं की कळतं. केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो, त्यामुळे ते वेणीत यायला अजून बराच अवकाश आहे. तोवर पिना लावते.