बाबांचा वाचाघात आणि पारावरची मंडळी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी दोन वर्षांपूर्वी, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, बाबांना लकवा झाला. उजवा हात-पाय काही महिन्यांत बराच सावरला, पण वाचा गेली ती गेलीच, असे सारे धरून चालले. पाणी मागायला ते ‘बैल’ म्हणत. शब्द चुकल्याचे त्यांनाच आधी कळे आणि मग ते मान खाली घालून बसत. भेटायला येणारे त्यांच्याशी ओरडून बोलत, किंवा त्यांच्यादेखत आईला विचारत, ‘आता यायले काही समजते काय?’

नागपूरच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत समजावले की, बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे काम डावी बाजू पाहते. तिथला रक्तपुरवठा तुटला की वाचाघात होतो, शब्द हाती लागत नाहीत, पण त्याचा अर्थ बुद्धी गेली असा नव्हे. महिन्यातून एकदाच नागपूर परवडणारे असल्यामुळे उरलेल्या दिवसांचे काम त्यांनी आम्हालाच शिकवले : टीव्ही बंद ठेवायचा, एका वेळी एकानेच बोलायचे, ‘काय पाहिजे?’ असे न विचारता ‘चहा की पाणी?’ असे विचारून दोन्ही शब्द पाटीवर लिहायचे आणि त्यांचा शब्द आपण पुरवायचा नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ यांतही त्यांची गल्लत होई, म्हणून अंगठ्याच्या खुणेने पुन्हा खात्री करून घ्यायची.

शब्द न पुरवणे आईला फार जड गेले. बाबा अडखळले की ती वाक्य पूर्ण करून टाकी, आणि त्यात मायाच होती.

बाबांचे बालमित्र असलेले काका एकदा आमच्यासोबत नागपूरला आले. सरावाच्या चित्रांत सफरचंद आणि आगगाडी पाहून त्यांनी गावी परतताच माझ्या मोबाईलवर वखर, डवरा, पऱ्हाटी आणि विहिरीवरची मोटर यांचे फोटो काढवून घेतले व वहीत चिकटवले. ती वही घेऊन ते रोज सकाळी बाबांना पारावर नेत आणि तिथल्या मंडळींनाही घाई न करण्याची ताकीद देत. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी फोटोवर बोट ठेवून ‘ड... डवरा’ म्हटले. त्या दिवशी काकांनी घरी येऊन ते आईला दोनदा सांगितले.

भजनात बाबांच्या तोंडून अख्खी ओळ निघाली तेव्हा वाचा परत आली असे आम्हाला वाटले. पाठ असलेले गाणे आणि मनातले बोलणे यांचे मार्ग वेगळे असतात, हे बाईंनी सांगितल्यावर आम्ही खट्टू झालो. पण ‘पाणी दे’ हे दोन शब्द चालीवर, डाव्या हाताने ताल धरून म्हणण्याचा सराव त्यांनीच सुरू करून दिला.

मागच्या महिन्यात तुरीच्या भावाविषयी काही सांगताना बाबा अडले. आईने तोंड उघडताच त्यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, ‘थांब.’ आई थांबली. चुलीवरचा चहा उतू गेला, तरी कोणी उठले नाही, आणि बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, ‘विकू... नको.’