मुलीची फी माफ झाली, पण अख्खी नाही

मोठीचा नंबर नागपुरातल्याच एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लागला, तेव्हा आमच्या नंदनवनच्या गल्लीत जो तो मला म्हणायचा, "मुलींना आता सगळं फुकट आहे ना!" राज्य सरकारचा ८ जुलै २०२४ चा निर्णय सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचला होता. निर्णय खरा आहे. पण तो कोणाला, कोणत्या फीला आणि कोणत्या वाटेने घेतलेल्या प्रवेशाला लागू होतो, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नव्हतं.

आमच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही. मी घरून डबे देते, ह्यांची शाळेची व्हॅन आहे. जात ओबीसीत मोडते. आमच्यासारखी बरीच घरं असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी तो निर्णय काय आहे ते. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) या तीन गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्वी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची अर्धी रक्कम सरकारकडून मिळायची. २०२४-२५ पासून ती पूर्ण मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर विषय संपला. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात नाहीत. हे आम्हाला ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, भरायच्या आधी कळलं म्हणून बरं झालं, कारण मोठीच्या यादीत असं एक चकचकीत विद्यापीठ अगदी वर होतं. नाव खोडताना ती रुसली. खोडलं ते खोडलंच. आणि हे मुलींपुरतं आहे. समोरच्या घरातल्या मुलाला, त्याच गटात, तेवढ्याच उत्पन्नात, अर्धीच सवलत मिळाली.

आता दाखल्यांकडे येते, कारण खरा वेळ तिथेच जातो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसच्या सेतूमध्ये जा, नाहीतर घराजवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात; अर्ज दोन्हीकडून एकाच ठिकाणी पोचतो. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण जूनमध्ये बारावीचे आणि डिप्लोमाचे सगळेच आईबाप तिथे उभे असतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून एप्रिल उजाडला की दाखला काढून घ्यावा, निकालाची वाट पाहू नये. नागपूरच्या मे महिन्यात त्या आवारात रांगेत उभं राहणं काय असतं, ते उभं राहिलेल्यालाच माहीत.

नोकरदाराचं सोपं असतं, फॉर्म १६ दिला की झालं. आमच्यासारख्यांच्या उत्पन्नाचा अहवाल तलाठी देतो. आमचे तलाठी भाऊ पक्के होते. शेजारच्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "लिहून टाका एक लाख, कोण पाहते?" मी आकडा सांगायच्या आधीच तलाठ्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"ताई, व्हॅनमध्ये पोट्टे किती बसते? महिन्याचं भाडं किती? डिझेलले किती जाते? हवेत आकडा नाही लिहीत मी."

कागदावर एका बाजूला मुलांची संख्या, भाडं, गुणिले दहा महिने, कारण शाळा बाराही महिने नसते. दुसऱ्या बाजूला डिझेल, इन्शुरन्स, परमिट, टायर. खाली माझे डबे, त्यातून गॅस आणि किराणा वजा. बेरीज आली ती ३ लाख ६० हजारांच्या आसपास. इतक्या वर्षांत आम्ही नवराबायकोने हा हिशोब असा कागदावर कधी मांडला नव्हता. ह्यांनी तो कागद घरी मागून आणला, अजून देवघराच्या फळीवर आहे.

एक लाख लिहिण्यात फायदा काय होता, हे मी नंतर पडताळून पाहिलं. काहीच नव्हता. मुलींच्या शुल्काची मर्यादा ८ लाख. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या व्याज अनुदानाची साडेचार लाख. आम्ही खऱ्या आकड्यावर दोन्हीकडे बसत होतो. अडीच लाखांची अट असलेल्या योजनांमध्ये आमचं काम नव्हतंच, ते का, हे पुढे येईल. उलट कर्ज घ्यायची वेळ आली असती, तर लाखभर उत्पन्नावर कोणत्या बँकेने दारात उभं केलं असतं?

दुसरा कागद नॉन क्रिमी लेयरचा, म्हणजे आपण ओबीसीतल्या सधन घरांत मोडत नाही असं सांगणारा. तो उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो आणि त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. म्हणून सेतूत गेल्यावर एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा, असे दोन्ही एकदमच मागा. मर्यादा इथेही ८ लाखच आहे आणि गोंधळ तिथेच होतो. नॉन क्रिमी लेयर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी मात्र आईवडिलांचं सगळीकडचं उत्पन्न धरतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान सरकारी नोकरीत आहेत. त्यांच्या मुलीकडे नॉन क्रिमी लेयर आहे, प्रवेशही ओबीसी जागेवर झाला, पण घरात ८ लाखांच्या वर पगार येतो म्हणून शुल्काची सवलत नाही. त्यांना वाटत होतं क्लार्कनेच काहीतरी घोळ घातला. क्लार्क बरोबर होता.

जात पडताळणीचं मी थोडक्यात उरकते: मुलगी अकरावीत असतानाच करून घ्या. आमचं झालेलं होतं. ज्यांचं नव्हतं, त्यांची प्रवेशाच्या दिवसांतली धावपळ बघवत नव्हती.

आता कॉलेज. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर फीचा कागद हातात आला. शिक्षण शुल्क ९८ हजार, विकास शुल्क १४ हजार, त्याखाली विमा, ग्रंथालय, ओळखपत्र अशा बारीकसारीक ओळी. एकूण एक लाख साडेसतरा हजार. सरकार भरतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क आणि त्याखालच्या ओळी आपल्याच खिशातून. "सगळं फुकट" म्हणणाऱ्यांनी हा कागद पाहिलेला नसतो. खाजगी कॉलेज ठरवताना नुसता एकूण आकडा पाहू नका, त्यात विकास शुल्क किती ते विचारा, कारण तेच दरवर्षी भरावं लागणार.

खिडकीवरच्या बाबूंनी मात्र अख्खी रक्कम मागितली. "आत्ता भरून द्या मॅडम, स्कॉलरशिप आली की परत करू." पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीची रक्कम घेऊ नये, असे सरकारचे आदेश आहेत. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "हेच मला कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या, मी आत्ता पूर्ण भरते." बाबू आत गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि आले ते हमीपत्राचा फॉर्म घेऊन. शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर शुल्क भरू, असं त्यावर लिहून दिलं आणि उरलेले साडेएकोणीस हजार भरले. माझ्या मागे एक काका काटोलहून आले होते, त्यांनी तोवर पूर्ण रक्कम भरलीही होती.

मग महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचं पोर्टल. पोर्टलला लोक फार नावं ठेवतात. रात्री उशिरा बसलं तर ते बऱ्यापैकी चालतं, दिवसा ओटीपीच येत नाही. आधी प्रोफाइल पूर्ण भरायचं: वैयक्तिक माहिती, पत्ता, आईवडिलांचा व्यवसाय, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. प्रोफाइल पूर्ण झालं की पोर्टल स्वतःच आपण बसतो त्या योजना दाखवतं. त्यातली कोणती भरायची ते मात्र आपल्याला ठरवावं लागतं. कागद २५६ केबीच्या आत बसवावे लागतात. मोठीने गुणपत्रिका इतकी बारीक केली की मार्कच वाचता येईनात, पुन्हा स्कॅन करावी लागली. भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथून विभागाकडे. कॉलेजच्या टेबलावर तो पडून राहिला तर कोणी फोन करत नाही. मोठी दर आठवड्याला स्टेटस पाहून शिष्यवृत्ती विभागात चक्कर मारायची, तेव्हा कुठे पुढे सरकला.

याच सुमारास आधारचं प्रकरण निघालं. थेट हस्तांतराचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जातात. आणि एका आधारवर असं खातं एकाच वेळी एकच असतं, जे शेवटी जोडलं ते. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैशासाठीची ही जोडणी, म्हणजे सीडिंग, वेगळं. मोठीचं सध्याचं खातं बर्डीवरच्या शाखेत होतं, पासबुकावर आधारची नोंदही होती. पण आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव! डोक्याला ताण दिल्यावर आठवलं: ती प्राथमिक शाळेत असताना शाळेनेच सगळ्या मुलांची खाती काढली होती. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली, खातं कधीचं बंद पडलेलं, आणि सरकारचा पैसा मात्र तिकडेच जायला तयार. नव्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज भरला, काही दिवसांनी स्टेटसवर बरोबर नाव आलं. अर्ज भरायच्या आधी हे पाहून घ्या, फुकट आहे आणि मोबाइलवर होतं.

दुसऱ्या योजनाही आम्ही पाहिल्या. बारावीला चांगले मार्क असल्यामुळे मोठीच्या मामाने केंद्राची शिष्यवृत्ती सुचवली: बारावीत बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्यांना, साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज असतो. तिच्या नियमात मात्र स्पष्ट लिहिलं आहे की राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत घेणाऱ्याला ती मिळत नाही. १२ हजारांसाठी ९८ हजार कोण सोडेल? पण बीएस्सी, बीकॉमला फी कमी असते. तिथे हेच गणित उलटं पडू शकतं आणि १२ हजार घेणंच परवडतं. मामाला वाटत होतं दोन्हीकडे भरून ठेवावं, जे मिळेल ते मिळेल. मी नाही भरू दिलं. दोन्हीकडे एकच आधार आहे, उद्या दोन्ही अडकले तर कोणाकडे जाणार?

कर्जाचीही चौकशी केली, लॅपटॉपसाठी आणि चार वर्षांच्या उरलेल्या फीसाठी. एका बँकेत साहेबांनी प्लॉटचे कागद मागितले. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार झाले की पुरे, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "नियम आहे हो, पण वरून मंजुरी येत नाही." २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी विनातारण, विनाजामीन आहे, पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती. व्हीएनआयटीला, म्हणजे इथल्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत, नंबर लागला असता तर तीच घेतली असती. शेवटी लॅपटॉप माझ्या भिशीतून आला आणि कर्जाचा विषय मिटला. रक्कम लाखांत जाणार असेल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मात्र व्याज अनुदानाची योजना जरूर विचारा. मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला, शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष, व्याज सरकार भरतं.

अडीच लाखांच्या मर्यादेचं वर म्हटलं होतं. माझी भाची काटोलजवळच्या गावातून इथे शिकायला आली आहे, घरी कोरडवाहू शेती. तिच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना ही आहे. नागपुरात वर्षाला ६० हजार: जेवणाचे ३२, राहण्याचे २०, निर्वाहाचे ८. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना तेवढीच रक्कम स्वाधार योजनेतून मिळते. कॉलेज ज्या शहरात, त्या शहराचा रहिवासी चालत नाही, म्हणून माझी मोठी यात कधीच बसली नसती. जिल्ह्यामागे संख्या ठरलेली असते आणि गुणांवर यादी लागते. वसतिगृहाचा अर्ज आधी करा, तिथे नंबर लागला नाही तर इकडे या, हा क्रम भाचीच्या वर्गातल्या कित्येकांना माहीत नव्हता. भाडेकराराची प्रत द्यायला घरमालक काचकूच करत होते, त्यांना वाटलं टॅक्सवाले येतील. शेवटी ह्यांनी जाऊन समजावलं.

मोठीचं शुल्क मंजूर झालं, हमीपत्र कॉलेजने परत दिलं. दुसऱ्या वर्षाला नव्याने सगळं नाही, नूतनीकरणाचा अर्ज असतो. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका लागते. भाचीचा अर्ज श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात तपासणीला आहे. यादी अजून लागायची आहे.