गाडी मागून डोलत होती आणि कागदावर "ओके": साताऱ्यातला माझा अनुभव

डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय. हाच त्रास अजून कितीतरी जणांना असणार आणि तेही "अलाइनमेंट (म्हणजे चाकांचे कोन) ओके आहे सर" एवढं ऐकून घरी येत असणार.

माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक, 2014 ची, 96 हजार किलोमीटर झालेली. आईला दर पंधरा दिवसांनी पुण्याला डॉक्टरकडं न्यावं लागतं. एप्रिलपासून असं व्हायला लागलं की हायवेला ऐंशीच्या वर गेलो आणि पुलाचा जॉइंट आला की स्टेअरिंग सरळ धरलेलं असूनही मागचा भाग आपल्या मनानं बाजूला सरकायचा आणि परत जागेवर यायचा. शेजारून मोठा ट्रक गेला तरी तेच. सगळ्यात वाईट म्हणजे खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुढं जी एस वळणं आहेत तिथं, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मागून बाहेर पळायला बघायची. ते वळण आधीच किती बदनाम आहे ते सातारकरांना सांगायला नको. मला वाटायचं वारा असेल, रस्ता असेल, पण मागं बसलेली आई म्हणाली, "बाळा, गाडी मागनं पाळण्यागत हलतीय, मळमळायला लागलंय मला." असला संशय आला तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागं बसा, मला दोन महिने पुढं बसून जे कळलं नाही ते मागं बसून वाढे फाट्यापर्यंत कळलं.

आता सर्व्हिस सेंटर. पहिल्यांदा गेलो, जॉब कार्डवर "गाडी मागून डोलते" असं लिहा म्हणालो, ॲडव्हायझरनं लिहिलं "जनरल चेकअप, अलाइनमेंट, बॅलन्सिंग". संध्याकाळी गाडी दिली, एक प्रिंट दिली, ओके. दुसऱ्या दिवशी तीच गत. दुसऱ्यांदा गेलो, परत अलाइनमेंट, परत तसलीच प्रिंट, वर म्हणाले मागचे शॉकअप गेलेत, दोन्ही बदलावे लागतील. मी विचारलं लिकेज आहे का, तर म्हणे "सर, एवढे किलोमीटर झालेत म्हणजे गेलेच असणार." बदलले. पाच हजारांच्या वर बिल झालं. खड्ड्यात गाडी जरा शांत झाली हे खरं, पण पुलाच्या जॉइंटवर मागनं सरकणं जसंच्या तसं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अडीच तास बाकड्यावर बसवलं आणि ट्रायल कुठं मारली तर सेंटरच्या मागच्या गल्लीत, चाळीसच्या स्पीडनं! मी हात जोडून म्हणालो की माझ्याबरोबर हायवेला चला, दहा मिनिटं लागतील. "आमचा माणूस गेटच्या बाहेर तेवढा लांब सोडत नाही सर, आणि या मॉडेलला एवढं नॉर्मल आहे." नॉर्मल? नऊ वर्षं मीच चालवतोय ना ही गाडी!

त्या रात्री तिन्ही वेळच्या प्रिंटा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. वर पुढच्या दोन चाकांचे आकडे, हिरवे. खाली मागच्या चाकांचे रकाने, तिन्ही कागदांवर पूर्ण रिकामे. म्हणजे तक्रार मागची आणि मागचं चाक एकदाही मोजलेलं नाही. चौथ्यांदा गेलो, कागद पुढं ठेवले, तर काय उत्तर मिळालं बघा: "सर, या गाडीचं मागचं ॲडजस्टच होत नाही, मग मोजून काय करायचं?"

मला या सगळ्यात याच वाक्याचा जास्त राग आहे. ॲडजस्ट होत नाही म्हणूनच मोजायचं असतं! जिथं फिरवायला नटच नाही तिथं आकडा चुकला तर काहीतरी वाकलंय, नाहीतर झिजलंय.

दुसरीकडं चारी चाकांचं थ्रीडी अलाइनमेंट करून घेतलं. मागचा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन, ठरलेल्या मापाच्या बाहेर होता, आणि त्या पोरानं गाडी थोडी पुढं-मागं ढकलून परत मोजलं तर आकडा वेगळाच. तोच म्हणाला, "दादा, मागं काहीतरी ढिलं हाय, मिस्त्रीला दाखवा."

कोरेगाव रोडच्या मिस्त्रींकडं लिफ्ट नाही, गाडीखाली उतरून बघायचा खड्डा आहे, आणि तेच कामाला आलं. माझ्या गाडीला मागं टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर आणि तो ॲक्सल दोन मोठ्या रबरी बुशांवर (धातूच्या कडीत बसवलेलं रबर) बॉडीला अडकवलेला. बुश फाटला की अख्खा ॲक्सल तिरका व्हायला मोकळा, मग मागची चाकंच स्टेअरिंग मारल्यासारखी वागतात. लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लोंबकळतात आणि बुशवर वजनच राहत नाही. इथं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, वरून पोरानं डिकीजवळ बाजूनं धक्के मारले, मिस्त्रींनी खालून टॉर्च धरली आणि मला खाली बोलावलं. डाव्या बुशचं रबर कडीपासून सुटलेलं होतं, प्रत्येक धक्क्याला नख जाईल एवढी फट उघडायची आणि मिटायची. उजव्याला पहार लावून दाबलं तर तोही चिरलेला. चार महिन्यांचं दुखणं दोन मिनिटांत दिसलं, मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

बुश प्रेसवर बसवायला अर्धा दिवस गेला. एक गोष्ट मात्र उभं राहून बघा: बुशचे मोठे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करू द्यायचे नाहीत. हवेत फक्त अडकवायचे, गाडी खाली घेऊन वजन चाकांवर आलं की मग आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींनी न सांगता तसंच केलं.

हो, आणि सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: आधी टायर थंड असताना हवा बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. मागची हवा कमी असली तरी गाडी अशीच डोलते. मग मागचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग बघा. आणि दोनच नवीन टायर घेतले तर ते मागं टाका, ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरत नाही.

परवा पुण्याला जाऊन आलो. बोगद्यानंतरच्या वळणात मुद्दाम त्याच स्पीडला ॲक्सिलरेटर सोडून बघितला, मागून काही नाही. नवीन प्रिंटवर चारी चाकांचे आकडे आहेत. ती आणि जुन्या तिन्ही रिकाम्या रकान्यांच्या प्रिंटा एकाच फाइलमध्ये लावल्यात, सोमवारी सुट्टी टाकलीय, शॉकअपच्या पैशांचं विचारायला त्याच काउंटरवर जाणार आहे.