बाताडची खाचरं

फिलिपिन्समधल्या इफुगाव प्रांतात, बनावे भागातल्या बाताडला आज पायी उतरलो. पाय अजून थरथरतायत! दगडी बांधांची भातखाचरं डोंगरावरून थेट दरीत गेलेली. इथे ट्रॅक्टर कुठून आणणार? एक आजी गुडघाभर चिखलात, तोंडात सुपारीचा विडा, हातानंच बांध लिंपत होत्या. पाणी वरच्या राखलेल्या रानातून येतं. ते रान म्हणजे मुयोंग, घराण्याच्या मालकीचं. तिनावन हा इथला पारंपरिक भात वर्षातून एकदाच, तोही बहुतेक घरापुरता. रोकड मिळते ती पर्यटक, लाकडी कोरीवकाम नि विणकामातून. १९९५ मध्ये बाताड जागतिक वारसा यादीत गेलं. २० पेसोच्या नोटेवर मिरवणारा, बनावे गावाजवळच्या खाचरांचा देखावा मात्र त्या यादीत नाही, आहे की नाही गंमत! आणि ढासळलेला बांध रचायला तरुण हात हवेत, ते कामासाठी शहरात.