आमची वाटचाल : केबल टीव्हीपासून फायबरच्या तब्येतीपर्यंत

आमचा धंदा मूळचा केबल टीव्हीचा. पलूस आणि वाळवा तालुक्यांतली गावं, उसाची शेती, खांबांवरून ओढलेल्या तारा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, पोरं मोबाईलवरच सगळं बघू लागली आणि महिन्याची केबलची वसुली आटायला लागली. आम्ही फायबर ओढायचं ठरवलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, शाळा घरात आली, आणि कनेक्शन द्यायला माणसं पुरेनात.

ग्राहक वाढले तशा तक्रारीही वाढल्या. "दादा, लाल लाईट लागलाय" असा फोन आल्याशिवाय आम्हाला बिघाड कळायचाच नाही. लाईनमन दुचाकी काढायचा आणि खांबांमागून खांब तपासत जायचा.

खरं तर माहिती आमच्याच ऑफिसात पडून होती. ओएलटीला, म्हणजे ऑफिसातल्या ज्या यंत्रातून सगळ्या घरांकडे फायबर जाते त्याला, प्रत्येक घरातल्या ओएनयूचा (फायबरच्या मोडेमचा) सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, दिसतो. साधारण -27 च्या खाली गेला की नेट गेलंच समजा. पण ते आकडे कोणी साठवत नव्हतं. इंजिनीअरिंग करून आलेल्या माझ्या भाचीने ते दर 5 मिनिटांनी उचलून साठवायला सुरुवात केली.

त्यात एक गंमत सापडली. ओएलटीकडून घराकडे 1490 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जातो, घरातून परत येतो तो 1310 चा. फायबर कुठे दुमडली असेल तर 1490 चा प्रकाश जास्त गळतो. कनेक्टर मळका किंवा जॉइंट कच्चा असेल तर दोन्हीकडे जवळपास सारखीच घट दिसते. एका स्प्लिटरवरची (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटून देणाऱ्या डबीवरची) सगळी घरं एकदम खाली आली तर दोष स्प्लिटरच्या अलीकडे, ऑफिसच्या बाजूला. एकच घर आलं तर त्या घराच्या तारेत. आणि वीज गेली असेल तर मोडेम बंद पडता पडता तसा निरोप पाठवतो, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. आता तो निरोप आला की लाईनमन निघतच नाही.

हे नियम माणसालाही कळतात, पण शेकडो आलेखांवर दिवसभर कोण डोळे लावून बसणार? म्हणून रँडम फॉरेस्ट, म्हणजे जुन्या उदाहरणांवरून स्वतःच शिकणारी मशीन लर्निंगची एक पद्धत. त्याला शिकवायला खरी कारणं लागतात आणि ती मिळाली आमच्या जुन्या लाईनमनच्या रजिस्टरात. तारीख, खांब आणि एका शब्दात कारण : उंदीर, मुंग्या, माकड, ऊस. "ऊस" म्हणजे उंच भरलेल्या ट्रॉलीने केबल तोडली. ही वही नसती तर भाचीचा प्रोग्राम नुसता आकडे चघळत बसला असता.

ट्रॉलीचा दणका अर्थात कोणतंच मॉडेल आधी सांगू शकत नाही. पण हंगामात केबल कुठे तुटते ते रजिस्टरात चक्क दिसत होतं, तिथे आम्ही केबल वर घेतली. याला मशीन लर्निंग लागत नाही, एक्सेलचा तक्ता पुरतो. मशीन लर्निंग विकणारे बरेच जण हे सांगत नाहीत.

नेटच्या ट्रॅफिकचा अंदाज होल्ट-विंटर्सने काढतो, म्हणजे मागच्या आकड्यांच्या लयीवरून पुढचे आकडे बांधायच्या पद्धतीने. पद्धत जुनीच, जेक ब्रटलॅग यांनी 2000 साली ती आरआरडीटूल या आकडे साठवून आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कच्या आलेखांसाठी आणली. रोजची आणि आठवड्याची लय ती बरोबर पकडते. आयपीएलची रात्र तिला आगाऊ सांगावी लागते. नवीन काही घेण्याआधी आम्ही यावरच भागतंय का ते बघतो.

एक गोष्ट मशीनच्या हाती दिलेली नाही. ते कामाची यादी लावतं, पोर्ट बंद-चालू करत नाही. सकाळी लाईनमनला "दुमडल्याचा संशय, अमुक खांब" अशी चिठ्ठी मोबाईलवर जाते. संध्याकाळी त्याने खरं कारण लिहायचं, मग ती नोंद पुढच्या शिकवणीत जाते. सुरुवातीला मंडळी कुरकुरली, "आता मशीन आम्हाला काम सांगणार?" रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्यावर तीच मंडळी चिठ्ठी आली नाही तर फोन करून विचारतात.

शेजारच्या गावांतले केबलवाले आता ही व्यवस्था मागतात. देतो, पण आधी सहा महिने बिघाडांचं रजिस्टर लिहून आणा म्हणतो. दोघांनी आणलं. त्यातल्या एकाने प्रत्येक ओळीत "नेट बंद" एवढंच लिहिलंय, त्यांच्या लाईनमनशी बोलायला भाची पुढच्या आठवड्यात जाणार आहे.